बाल्कनीच्या मापाचा पडदा

आजोबांनी आयुष्यात कुणावर एकही गोळी झाडली नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण शोकसभेत त्यांच्या मुलाने त्यांना शत्रूच्या हद्दीत विमानातून खाली उतरवलं, एका जखमी सोबत्याला खांद्यावर घेऊन रात्रभर चालवलं, पायात गोळी घुसवली, आणि मधे दोनदा स्वतःच्या डोळ्यांना रुमाल लावला. लोक ऐकून घेतात. मेलेल्या माणसाची उलटतपासणी कोण करणार? नात तेवढी मागच्या रांगेत ओठ दाबून बसली होती. तिला वाटलं, उठावं आणि सांगावं, अहो पप्पा, आजोबा लढले नाहीत हो, त्यांनी घड्या घातल्या. पण ती उठली नाही. ऐन वेळेला गप्प बसायची तिला एव्हाना चांगली सवय लागली होती.

आजोबा सैन्यात हवाई छत्र्या बांधायचे. विमानातून उडी मारणाऱ्या जवानाच्या पाठीवर जे गाठोडं असतं ते कुणीतरी बांधलेलं असतं, हे कुणाच्या लक्षातच येत नाही. सगळं कौतुक उडी मारणाऱ्याचं. एका कोरड्या, लांबलचक हॉलमध्ये तेवढीच लांब टेबलं. त्यावर छत्री पसरायची, दोऱ्या विंचरल्यासारख्या सरळ करायच्या, एकेक पाकळी दुसरीवर घालायची, हललं तर पुन्हा पहिल्यापासून. घडी बसेपर्यंत वर वाळूच्या पिशव्या ठेवायच्या. मग सगळं पिशवीत बसवायचं आणि पिशवीचं तोंड कच्च्या दोऱ्याने बांधायचं.

हो, कच्च्या. आजोबा इथे हमखास थांबायचे आणि समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे. "लोकांना वाटतं, बांधायचं म्हणजे घट्ट बांधायचं. अरे, घट्ट काय कुणीही बांधेल! एका हिसक्यात सुटलं पाहिजे, त्याला बांधणं म्हणतात."

त्यांच्या खात्यात एक रीत होती. साहेब कधीही यायचा, फळीवरच्या एखाद्या गाठोड्याकडे बोट दाखवायचा आणि विचारायचा, "हे कुणी बांधलं?" ज्याने बांधलं असेल त्याने तेच पाठीवर चढवायचं आणि विमानात बसायचं. आज येईल की पुढल्या महिन्यात, काही नेम नाही. त्यामुळे त्या हॉलमध्ये 'असेल', 'चालेल', 'साधारण' असले शब्द कुणी तोंडातून काढत नसे. न मोजता माप सांगणाऱ्याशी तर त्याच्या शेजारच्या टेबलावरचा माणूसही बोलत नसे. आजोबांवर तीनचारदा पाळी आली. शेवटच्या वेळी पाय मुरगळला तो कायमचाच, तेव्हापासून डावा पाय जरा ओढून चालायचे. "छत्री उत्तम होती," ते सांगायचे, "पाय माझा डुप्लिकेट निघाला." तो मुरगळलेला पाय शोकसभेत गोळी खाऊन बसला, आता बोला.

नोकरी संपवून ते घरी आले तेव्हा आजी जाऊन वर्ष झालं होतं आणि मुलगा नोकरीला लागला होता. मुलाचं बालपण त्यांनी सुट्टीसुट्टीत पाहिलं. सुट्टीवर यायचे, मुलाची उंची दाराच्या चौकटीवर खुणेने मांडायचे, जायचे. मुलगा त्यांच्याशी वाईट वागला असं कुणी म्हणणार नाही. लांबच्या काकांशी वागावं तसा नीट वागायचा. आजोबांना ते कळत होतं. नात जन्मली तेव्हा दवाखान्यात तिला हातात घेऊन ते सुनेला म्हणाले, "मुलाच्या वेळी माझी हजेरी लागली नाही. हिच्या वेळी एक दिवस चुकणार नाही." आणि चुकवला नाही. सून आणि मुलगा दोघंही सकाळी बाहेर पडायचे ते दिवे लागल्यावर यायचे. त्या मुलीला पायावर घेऊन न्हाऊ घालण्यापासून बूट पॉलिश करण्यापर्यंत सगळं आजोबांच्या अंगावर.

ते तिला 'साहेब' म्हणायचे. पाळण्यातून ती ओरडली की उभे राहून म्हणायचे, "आलो साहेब!" सून हसायची. "बाबा, डोक्यावर बसवताय हं तिला." तर ते म्हणायचे, "साहेबाला डोक्यावरच बसवायचं असतं, खांद्यावर फक्त फीत लावतात." एरवी तिला अहोजाहो, साहेब बसा, साहेब दूध घ्या. खरोखर गंभीर काही असलं की मात्र एकदम 'तू'. ते 'तू' ऐकलं की नात जागच्या जागी सरळ उभी राहायची.

शेजारीपाजारी त्यांना छत्रीवाले आजोबा म्हणत. एकदा वरच्या मजल्यावरच्या बाई काड्या मोडलेली छत्री घेऊन दारात हजर! आजोबा आधी असे तापले की विचारू नका. "बाई, मी माणसं आभाळातून खाली सोडलीत, आणि तुम्ही हे काय आणलंत?" बाई बिचाऱ्या ओशाळून निघाल्या, तर यांनीच हाक मारून छत्री ठेवून घेतली. रात्री काड्या बसवून, कापड शिवून, घडी अशी घातली की बाईंनी ती वर्षभर उघडलीच नाही म्हणे, घडी मोडेल म्हणून. मग काय, सबंध इमारतीच्या छत्र्या आजोबांच्याच दारात.

नातीच्या वेण्याही तेच घालायचे. दोऱ्यांची सवय, वेणी अशी पडायची की शाळेतल्या बाई वळून बघायच्या. फक्त रिबिनीचं फूल त्यांनी आपल्या पद्धतीने बांधलं. एका हिसक्यात सुटेल असं! मागच्या बाकावरच्या पोरांना हे कळायला कितीसा वेळ लागणार? मधल्या सुट्टीत एकाने टोक ओढलं आणि दोन्ही वेण्या सटकन मोकळ्या. ती केस पिंजारून रडत घरी आली. आजोबा खुर्चीत बसले, गालाला हात लावून विचार करू लागले. दुसऱ्या दिवशी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा न सुटणारी गाठ मारली. संध्याकाळी ती कात्रीने कापावी लागली, रिबिनीबरोबर थोडे केसही गेले. मग दोघंही खूप हसले. सून काही हसली नाही.

घर दोन खोल्यांचं. मुलगा-सून आतल्या खोलीत, आजोबा आणि नात बाहेरच्या. नात मोठी झाली. कुणी काही बोललं नव्हतं, तिनेही काही मागितलं नव्हतं. एक दिवस ती शाळेतून आली तर खोलीच्या मधोमध तारेवर पडदा. सैन्यातून मोडीत निघालेल्या छत्रीचं पांढरं, सळसळणारं कापड त्यांनी ट्रंकेत जपून ठेवलेलं होतं, ते हाताने शिवून लावलेलं. एका बाजूला त्यांची खाट, दुसऱ्या बाजूला तिचा पलंग, टेबल, दिवा. "साहेबांची केबिन," ते म्हणाले. "आत यायच्या आधी मी खाकरणार." आणि पुढची कितीतरी वर्षं ते स्वतःच्याच खोलीत शिरताना खाकरत राहिले.

नात शिकली, नोकरीला लागली. ऑफिसात तिच्या हाताखाली माणसं आली, म्हणजे ती खरोखरीची साहेब झाली. आणि मग मुलाने नवं घर घेतलं. उंच इमारतीत, लिफ्ट, खाली बाग, वर मोकळं आभाळ. खोल्या मात्र मोजून. एक बेडरूम मुलगा-सुनेची, एक नातीची, मधे हॉल. जुनं घर विकल्याशिवाय नवं होणार नव्हतं, त्यामुळे ते विकलं. सगळ्यांनी जाऊन नवं घर पाहिलं. आजोबांचा पाय दुखत होता, ते आले नाहीत. "तुम्ही बघून या, मी बांधाबांधीला लागतो," म्हणाले.

नातीने तिची खोली पाहिली. मोठी खिडकी, पांढऱ्या भिंती, आणि दार. पडदा नव्हे, दार. आतून कडी. तिने ती कडी तिथल्या तिथे दोनदा लावून उघडून पाहिली.

 परतताना गाडीत सून म्हणाली, "बाबा हॉलमध्ये झोपतील की."

"आणि कुणी आलं-गेलं की?" मुलगा म्हणाला. "त्यांनी काय खाट उचलून जिन्यात जायचं?" मग गाडी सिग्नलला थांबल्यावर हळूच, "मी एक ठिकाण पाहून आलोय. चांगलं आहे. डॉक्टर येतो, बाग आहे, त्यांच्या वयाची माणसं आहेत." वृद्धाश्रम हा शब्द त्याने उच्चारला नाही. त्या गाडीत तो कुणीच उच्चारला नाही.

'माझ्या खोलीत' एवढेच दोन शब्द होते. नातीच्या जिभेवर आलेही होते. माझ्या खोलीत टाका त्यांची खाट, मधे पडदा लावू, आम्हाला सवय आहे. पण तिला ती कडी आठवली. सिग्नल सुटला.

"तुझ्याशिवाय ते कुणाचं ऐकायचे नाहीत," मुलगा तिला म्हणाला. "तूच सांग."

"काय सांगू?"

"सांग, थोडे दिवस. नव्या घरात काम चाललंय, धूळ आहे, खोकला होईल."

"आणि मग?"

"मग बघू."

या 'मग बघू'वर जगात किती घरं उभी आहेत कोण जाणे. ती ना हो म्हणाली ना नाही. म्हणजे हो.

इकडे आजोबांनी सामान बांधायला घेतलं होतं. मुलाने माणसं लावतो म्हटलं तर केवढ्याने खेकसले! "परक्याने बांधलेलं गाठोडं पाठीवर घेऊन मी उडी मारणार नाही. माझं घर मी बांधणार." वयाच्या त्या टप्प्यावर, ओढत्या पायाने, त्यांनी सबंध घर खोक्यांत बसवलं. कप एकमेकांत असे बसवले की खोकं हलवलं तरी आवाज नाही. प्रत्येक खोक्यात आधी लागणारी वस्तू सगळ्यात वर. स्वयंपाकघराच्या खोक्यात वर चहाचं पातेलं, न्हाणीघराच्या खोक्यात वर साबण. "पोचल्या पोचल्या माणूस काय शोधतो? ते हाताला आलं पाहिजे." सगळ्या खोक्यांना वर कच्चा दोरा, एक टोक लोंबतं ठेवलेलं.

ती खोलीत आली तेव्हा ते खाली बसून तिची पुस्तकं बांधत होते. मधला पडदा उतरवून, घडी घालून बाजूला ठेवला होता. त्यामुळे खोली एकदम मोठी आणि उघडी पडल्यासारखी दिसत होती.

"साहेब, बरं झालं आलात. माझी खाट कुठे लागणार तेवढं सांगा. म्हणजे कुठल्या खोक्यात काय घालायचं ते ठरवता येईल."

ती सांगायला लागली. थोडे दिवस दुसरीकडे राहायचं, काम चाललंय, धूळ, खोकला. तिचे तिलाच शब्द ऐकू येत होते. ते दोरा हातात धरून ऐकत होते. मधे बोलले नाहीत, आणि त्या गप्प बसण्याने तिचा धीर सुटला. तिच्या तोंडून निघून गेलं, "बाल्कनी बंद करून घेतोय ना आजोबा, तुमच्यासाठी. मोठी आहे. तुमची खाट बसेल, उजेड येईल. काम झालं की मी स्वतः न्यायला येते तुम्हाला."

बाल्कनीचं सांगायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती भर तिची स्वतःची.

आजोबांनी तिच्याकडे पाहिलं. मग भिंतीला हात टेकून उठले, दुखऱ्या पायाची टाच दुसरीला जुळवली आणि म्हणाले, "हुकूम साहेब." आणि पुन्हा खाली बसून पुस्तकं बांधायला लागले. उतरवलेला पडदा मात्र त्यांनी तिच्या खोक्यात न घालता आपल्या ट्रंकेत घातला.

मुलाने पाहून ठेवलेल्या त्या ठिकाणी त्यांना कॉटशेजारी एक कपाट मिळालं. ते त्यांनी उघडलंसुद्धा नाही. सकाळी ट्रंकेतून कपडे काढायचे, रात्री धुऊन वाळवून, घड्या घालून परत ट्रंकेत, वरून कच्चा दोरा. तिथे काम करणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्या वैतागायच्या. "अहो आजोबा, कपाट दिलंय की एवढं!"

"कपाट राहायला आलेल्यांना. मी थांबलोय फक्त."

पहिले काही रविवार नात नेमाने गेली. दोघं बाकावर बसायचे. ते तिला ऑफिसातलं विचारायचे, तिच्या हाताखालच्या माणसांची नावं त्यांना पाठ होती. निघताना एकच प्रश्न. "बाल्कनीचं कुठवर आलं?"

"चाललंय आजोबा. मिस्त्री येत नाही वेळेवर."

त्या मिस्त्रीची खरंच कीव येते. तो जन्मालाच आला नव्हता, आणि तरी सहा-सात महिन्यांत त्याच्यावर काय काय गुदरलं! आधी त्याला ताप आला. मग त्याच्या बहिणीचं लग्न निघालं. मग त्याची स्कूटर बिघडली, मग काचा मिळेनात, मिळाल्या त्या फुटल्या. आजोबा सगळं मन लावून ऐकायचे. एकदा तर म्हणाले, "ताप उतरला का त्याचा? गरीब माणूस आहे, ओरडू नका त्याला." नात घरी येऊन आपल्या खोलीत गेली आणि कडी लावून बसली.

बाल्कनी होती, नाही असं नाही. तिच्यात कपडे धुण्याचं मशीन होतं आणि मुलाने व्यायामासाठी आणलेली, जागच्या जागी चालवायची सायकल होती. सायकलवर मुलगा आठवडाभर बसला असेल. त्यानंतर तिच्यावर टॉवेल वाळायचे.

पुढे रविवार गळायला लागले. कधी काम, कधी पाऊस, कधी नुसताच कंटाळा. आता उगाच कशाला लपवा, खोटं बोलायचाही माणसाला कंटाळा येतो. ती फोनवर भागवू लागली.

असाच एक फोन भर दुपारी आला. तिच्यापुढे माणसं बसलेली, कसलीशी घाई.

"साहेब, एक माप हवं होतं. बाल्कनीची रुंदी आणि उंची."

"कशाला आजोबा?"

"आहे काम."

"साडेसात फूट असेल रुंद."

"असेल नको. मोजून सांग."

ते 'तू' तिच्या कानात शिरलं. एरवी ती सरळ उभी राहिली असती. पण समोरचा माणूस घड्याळ बघत होता. "मोजलंय आजोबा. साडेसात. आणि उंची सात."

"मोजून सांगतेस ना?"

"हो हो, मोजून. ठेवू?"

"मग झालं," ते म्हणाले. आवाजावरून हसत असावेत. तिने वेळ मारून नेली. ज्या माणसाने तिला पट्टी धरायला शिकवलं होतं, त्याला हिच्याकडून न मोजलेलं माप येईल हे स्वप्नातही आलं नसतं.

थंडीत त्यांना बारीक ताप आला. मावशींनी फोन केला, मुलगा म्हणाला डॉक्टरांना दाखवा, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. नात म्हणाली, या रविवारी नक्की. शुक्रवारी सकाळी मावशी चहा घेऊन गेल्या तर आजोबा उठले नाहीत. अंथरुणावर सुरकुत्यासुद्धा पडल्या नव्हत्या म्हणे.

ट्रंक आणायला नात गेली. मावशींनी कॉटखालून ती ओढून दिली, वर दोरा बांधलेला. "भरलेलीच आहे. रोज भरून ठेवायचे." मग पदराने डोळे पुसून त्या म्हणाल्या, "शिवणाच्या खोलीतलं मशीन मागून घेतलं होतं मधे. दोन दिवस जेवायलासुद्धा उठेनात. आणि रोज सकाळी एकच, साहेबांचा फोन आला का? साहेब न्यायला येणार आहेत. आम्हाला वाटायचं, सैन्यातले कुणी मोठे अधिकारी असतील. अहो, ते साहेब कोण हो? कळवायला हवं ना त्यांना."

नात ट्रंकेची कडी धरून उभी होती. "मला नाही माहीत," ती म्हणाली.

आता पुन्हा शोकसभेकडे येऊ. ती नव्या घराच्या हॉलमध्येच झाली. ज्या हॉलमध्ये त्यांची खाट लागली असती तर आल्यागेल्याची अडचण होणार होती, तिथे चांगली पन्नास माणसं मावली. भिंतीवर त्यांचा गणवेशातला फोटो, समोर खुर्च्या. भाषण झालं. "शिस्त म्हणजे काय ते मी बाबांकडून शिकलो," मुलगा म्हणाला. त्याच्या ऑफिसातले लोक त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, भाग्यवान आहात, असे वडील मिळाले. सून स्वयंपाकघरात चहा गाळत होती. तिचे डोळे सुजले होते आणि ती बाहेर आली नाही.

माणसं गेल्यावर नात आपल्या खोलीत गेली. ट्रंक पलंगाच्या पायथ्याशी होती. इतके दिवस तिला हात लावायचा धीर झाला नव्हता. तिने लोंबतं टोक धरलं आणि ओढलं. एका हिसक्यात सुटलं.

पोचल्या पोचल्या माणसाला जे लागतं ते सगळ्यात वर. सगळ्यात वर तो पडदा होता. तोच, त्यांच्या खोलीतला, पांढरा. पण आता नवा शिवलेला. जुनी कड उसवून, कापून, चारी बाजूंना मशीनची दुहेरी टीप. वर तारेत ओवायला कड्या, एकसारख्या अंतरावर. खाली वजनाला बारीक दोरी शिवलेली, वाऱ्याने उडू नये म्हणून. काचा उघडल्या की बाल्कनीत वारा येणार, हे त्यांनी धरलेलं होतं. उरलेल्या कापडाची एक उशीची खोळ केली होती, तीही होती.

ती पडदा घेऊन बाल्कनीत गेली. सायकल ओढून दारात ठेवली, स्टुलावर चढली आणि पडदा वरच्या चौकटीला धरला. एक टोक धरलं तर दुसरं मशीनवर लोळू लागलं, दुसरं धरलं तर पहिलं कोपऱ्यात जमा झालं. रुंदीला भलताच जास्त आणि उंचीला तोकडा. खालून गुडघाभर उघडं राहत होतं. ती खाली उतरली, मुलाच्या हत्यारांच्या डब्यातून टेप काढून आणली आणि बाल्कनी मोजली. पहिल्यांदाच. साडेपाच फूट रुंद, साडेआठ उंच. तिने पडदा जमिनीवर पसरला आणि तोही मोजला. साडेसात बाय सात. सूतभरसुद्धा इकडेतिकडे नाही.

"काय चाललंय?" मुलगा दारात आला होता, अजून भाषणाच्या कपड्यांतच. "हे काय?"

"पडदा आहे. आजोबांनी शिवलेला. या बाल्कनीसाठी."

"या बाल्कनीसाठी?" त्याने वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याचा आवाज जरा मऊ झाला. "माप चुकलं की गं त्यांचं. वय झालं होतं शेवटी. दिसत नसेल नीट."

शोकसभेत पायात गोळी घुसवली तेव्हा ती गप्प बसली. मावशींनी विचारलं तेव्हा माहीत नाही म्हणाली. गाडीत गप्प बसली होती तेव्हापासून हे सगळं चालू होतं. आता मात्र तिच्याने राहवलं नाही. "त्यांचं नाही चुकलं पप्पा," ती ओरडलीच. "त्यांचं एक सूत चुकलं नाही! माप मी सांगितलं होतं. मी! फोनवर. न मोजता."

 ती का ओरडते आहे ते मुलाला खरोखरच कळलं नव्हतं.

"मग मोजून सांगायचं ना," तो म्हणाला. आणि वाटेत आली होती म्हणून त्याने सायकल ढकलून पुन्हा तिच्या जागी लावून टाकली.